लिव्हरसाठी फ्लेव्होनॉइड्स: सुरुवात कांद्याच्या टोपलीपासून

सोनोग्राफीच्या रिपोर्टवर ‘फॅटी लिव्हर’ वाचलं की अनेकजण थेट कॅप्सूलच्या बाटलीकडे वळतात. माझं कळकळीचं सांगणं आहे, आधी कांद्याच्या टोपलीकडे वळा.

कांदा, शेवगा, कोकम, चहा यांत फ्लेव्होनॉइड्स ही वनस्पतिजन्य द्रव्यं असतात. यकृताच्या पेशींचा दाह ती कमी करतात, असं प्रयोगशाळेत आणि प्राण्यांवर दिसलं आहे. माणसांमधला पुरावा अजून तोकडा आहे. म्हणून याला औषध समजू नका. वजन जास्त असेल तर ते ७ ते १० टक्के उतरवणं आणि दारू बंद करणं, यांचा फायदा कितीतरी भक्कम आहे.

पहिलं काम कांद्याचं. लाल कांदा घ्या. त्यातलं क्वेर्सेटिन हे फ्लेव्होनॉइड बाहेरच्या पाकळ्यांत भरपूर आणि गाभ्याकडे कमी असतं. घाईत आपण सुक्या सालीबरोबर पहिली जांभळी, रसरशीत पाकळीही ओढून टाकतो. तीच वाचवायची आहे. शेंडा कापा आणि सुरीच्या टोकाने फक्त कागदासारखी साल सोडवा. कांदा उकडलात तर क्वेर्सेटिन पाण्यात उतरतं. ते पाणी ओतून न देता आमटीत घाला.

मग शेवग्याचा पाला, आठवड्यातून दोनदा तरी. निवडायच्या कंटाळ्याने तो घरात येत नाही. रात्री डहाळ्या सुती फडक्यात गुंडाळून ठेवा, सकाळी झटकल्या की पानं आपसूक गळतात. परतलेल्या कांद्यावर भिजवलेली मूगडाळ आणि पाला घालून झाकण ठेवा, एक वाफ येऊ द्या.

कोकमाचं सार करा, सरबत टाळा. त्यातली साखर लिव्हरमध्ये चरबीच वाढवते.

ग्रीन टी कपातून खुशाल घ्या, अर्काच्या गोळ्या मात्र नकोत. त्यातलं ईजीसीजी हे द्रव्य गोळ्यांतून दिवसाला ८०० मिलिग्रॅम किंवा जास्त गेलं तर रक्तातली लिव्हरची एन्झाइम्स वाढू शकतात (ही लिव्हरला इजा होत असल्याची खूण), असं युरोपच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१८ मध्ये नोंदवलं. मिल्क थिसल या काटेरी वनस्पतीतल्या सिलिमारिन या द्रव्याचे फॅटी लिव्हरवरचे निष्कर्षही संमिश्र आहेत. डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नका. कोलेस्टेरॉलची गोळी चालू असेल तर पपनस खाण्याआधीही विचारा, काही औषधांचं रक्तातलं प्रमाण त्याने वाढतं.

डोळे पिवळे दिसले किंवा लघवी गडद झाली, तर काढे आणि गोळ्या तिथेच थांबवा आणि सगळ्या बाटल्या पिशवीत घालून त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.