स्की बोटीची स्टिअरिंग केबल बदलताय? मग या चुका टाळा

मे महिना आला की इकडे मिनेसोटात सगळ्यांच्या स्की बोटी (पाण्यावर स्की करणाऱ्याला दोरीने ओढणाऱ्या) कव्हरमधून बाहेर निघतात आणि दरवर्षी तीच तक्रार ऐकू येते, स्टिअरिंग जड झालंय, काहींचं तर पार जाम. चाकापासून मागच्या रडरपर्यंत, म्हणजे सुकाणूपर्यंत, जाणाऱ्या केबलच्या आवरणात कुठून तरी पाणी शिरलेलं असतं, हिवाळ्यात ते गोठतं, आतली तार गंजते, जुनं ग्रीस सुकून चिकट होतं. मग लोक दोन्ही हातांनी चाक धरून जोर लावतात. हे अजिबात करू नका. डॅशबोर्डमागचा हेल्म, म्हणजे चाकाचा गिअर असलेला डबा, त्या झटक्याने गेला की केबल तर घ्यायचीच, वर हेल्मचाही खर्च.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे न तपासता थेट नवीन केबल मागवणं. स्टिअरिंग जड होण्याच्या जागा तीन, हेल्म, केबल आणि रडर. बोट ट्रेलरवर असतानाच मागची फ्लोअरची फळी उचला, रडरच्या दांड्यावर जो टिलर आर्म असतो त्याच्यापासून केबल सोडवा आणि मग रडर हाताने हलवून बघा. एका हाताने आरामात फिरला पाहिजे. रडरच जड असेल तर दोष त्याच्या बुशमध्ये किंवा पॅकिंगमध्ये आहे, बऱ्याच बोटींना तिथे ग्रीस भरायचं निप्पल असतं, मरीन ग्रीस भरून बघा, कदाचित काम तिथेच संपेल. रडर मोकळा आणि चाक तरीही जड असेल तर दोष केबलमध्ये किंवा हेल्ममध्ये, मग केबल हेल्मपासूनही सोडवा, नुसतं चाक लोण्यासारखं फिरलं तर केबलच गेली असं समजा. आणि चाकालाच खूप ढिलाई जाणवत असेल तर हेल्मही झिजलाय, जुन्या हेल्मवर नवीन केबल बसवण्यात काही अर्थ नाही, माझं मत विचाराल तर दोन्ही एकदमच बदला.

काही जण केबलला भोक पाडून आत तेल, स्प्रे, काय काय सोडतात. चार दिवस बरं वाटतं, मग पुन्हा तेच, कारण गंजलेली तार तेलाने नवी होत नाही, उलट त्या भोकातून आणखी पाणी आत जातं.

आता मागवायचं. जुन्या केबलच्या आवरणावर नंबर छापलेला असतो, तो पुसट असेल तर कापडाने पुसून टॉर्चच्या उजेडात वाचा आणि फोटो काढून ठेवा. टेलिफ्लेक्सच्या केबल असतील (ती कंपनी पुढे सीस्टार झाली आणि 2017 मध्ये डोमेटिककडे गेली) तर नंबरचे शेवटचे दोन आकडे म्हणजे लांबी फुटात, उदाहरणार्थ एसएससी 6218 म्हणजे 18 फूट. पण नुसती लांबी जुळून भागत नाही. आउटबोर्ड बोटीची (इंजिन मागे बाहेर टांगलेलं) केबल इंजिनाच्या टिल्ट ट्यूबमधून, म्हणजे इंजिन ज्यावर वर-खाली होतं त्या नळीतून, जाते, आपल्या इनबोर्ड स्की बोटीत (इंजिन बोटीच्या आत) तिचं मागचं टोक ब्रॅकेटवर आवळलेलं असतं आणि तिथून टिलर आर्मला जोडलेलं, त्यामुळे टोक वेगळं. स्वस्त मिळाली म्हणून आउटबोर्डची केबल घेतली तर ती बसणार नाही. हेल्म रॅकवाला (सरळ दातेरी पट्टीचा) आहे की रोटरी (गोल गिअरचा) तेही बघा, रॅकवाल्यात केबल आणि रॅक एकत्रच येतात.

जुनी केबल रागाने ओढून काढणं ही पुढची चूक, आणि ही अगदी जाणत्या लोकांकडूनही होते. ती फ्लोअरखालून किंवा बाजूच्या पॅनलमागून गिअर आणि थ्रॉटलच्या केबली, वायरी, स्पीडोमीटरच्या बारीक नळ्या या सगळ्यांच्या गर्दीतून गेलेली असते आणि मध्ये मध्ये झिप टाय. आधी हाताला लागतील तेवढे झिप टाय कापा, मग जुन्या केबलच्या एका टोकाला मजबूत नायलॉनची दोरी बांधा, सांध्यावर टेप गुंडाळून तो निमुळता करा, आणि दुसऱ्या टोकाकडून एक जण हळूहळू ओढेल, एक जण इकडून सोडत राहील असं करा. एकट्याने करायचं काम नाही हे. दोरी आत राहिली की नवीन केबल त्याच वाटेने येते, नाहीतर अख्खा फ्लोअर उघडत बसाल.

नवीन केबलला तीव्र बाक देऊ नका, वळणाची त्रिज्या 8 इंचांपेक्षा कमी नको, आणि एक्झॉस्टच्या गरम भागापासून ती लांब राहील असं बांधा. डॅशबोर्डखाली जागा कमी म्हणून तिथेच केबल मुडपली जाते आणि मग नवीकोरी केबल पहिल्याच दिवशी जड लागते.

जोडताना चाक एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत किती फेरे फिरतं ते मोजा, बरोबर मध्यावर आणा, रडर सरळ करा आणि मगच टिलर आर्मला जोडा. असं नाही केलं तर डावीकडे भरपूर वळते आणि उजवीकडे अर्धवट. रोटरी हेल्ममध्ये केबल उलट्या बाजूने गेली तर दिशाच उलटी होते, म्हणून ट्रेलरवरच चाक उजवीकडे फिरवा आणि मागे कोणाला तरी उभं करा, रडरची मागची कड उजवीकडे गेली पाहिजे. हे न बघता पाण्यात उतरू नका, हात जोडून सांगतो.

जुने लॉकनट आणि कॉटर पिना परत वापरू नका. दहा-वीस डॉलरच्या वस्तू आहेत. स्लॅलमच्या कोर्समध्ये, म्हणजे नागमोडी स्की करायच्या आखलेल्या मार्गात, पुरुषांसाठी बोट ताशी 58 किलोमीटरपर्यंत जाते, बोटीच्या दोन्ही बाजूंचे बॉय (पाण्यावर तरंगणाऱ्या खुणा) मध्यरेषेपासून जेमतेम 1.15 मीटरवर असतात आणि दोरीच्या टोकाला स्कीअर पूर्ण वजनाने बोटीला आडवं खेचत असतो. अशा वेळी तो एक नट सुटला तर चाक हातात नुसतं फिरत राहील.

आणि बोट चालताना चाक एका बाजूला किंचित ओढतंय म्हणून केबलला दोष देऊ नका, एकाच प्रॉपेलरच्या इनबोर्ड बोटीत ते होतंच, रडरच्या मागच्या कडेला ट्यूनिंग करून कमी करता येतं.

पहिल्या दिवशी स्कीअर न घेता फिरा, आधी हळू, मग दोन्हीकडे पूर्ण वळून, मग हळूहळू वेग वाढवत. परत ट्रेलरवर घेतली की फळी उचलून सगळे नट पुन्हा पान्याने तपासा, पहिल्या फेरीनंतर एखादा तरी थोडा सैल झालेला सापडतो.