परतीच्या गाडीपासून मागे: टेगर्नझेवरच्या डोंगरांची तयारी

म्युनिकपासून दक्षिणेला तासाभराच्या अंतरावर टेगर्नझे हे तळं आहे. त्याच्या भोवतीचे डोंगर कागदावर किरकोळ दिसतात. नॉयरॉइट १,२६० मीटरच्या आसपास, रीडरश्टाइनचा सुळका १,२०७, बाउमगार्टनश्नाइड १,४४८, हिर्शबर्ग १,६६८ आणि वालबर्ग १,७२२. कळसूबाई १,६४६ मीटर, ती तर आपण कॉलेजात असतानाच केलेली. त्यात तळ्याचं पाणीच ७२६ मीटरवर, म्हणजे प्रत्यक्ष चढाई आणखी कमी. असा हिशेब मांडून अकरा वाजता घरातून निघणारी म्युनिकमधली आपली मराठी मंडळी दर उन्हाळ्यात दिसतात. चढ त्यांना झेपतोच, गणित चुकतं ते वेळेचं. म्हणून ही यादी संध्याकाळपासून सुरू करून मागे मागे नेली आहे.

सगळ्यात आधी परतीची गाडी ठरवा. टेगर्नझे स्टेशनवरून म्युनिकला साधारण तासाला एक गाडी असते आणि रविवारी संध्याकाळी तिच्यात उभं राहायलाही जागा मिळत नाही. तुम्हाला हवी असलेली गाडी, तिच्यानंतरची एक आणि त्या दिवसाची शेवटची, अशा तिन्ही वेळा कागदावर लिहून खिशात ठेवा. वाट हिर्शबर्गची किंवा वालबर्गची असेल तर स्टेशनपर्यंत बस लागते, तेव्हा बसची वेळही त्याच कागदावर. वालबर्गला केबलकार आहे, पण चढून जाऊन तिने उतरायचा बेत असेल तर शेवटचा पाळणा किती वाजता सुटतो ते सकाळी खालीच बघून घ्या. संध्याकाळ लांबते म्हणून ती थांबत नाही. जूनअखेर इथे सूर्य सव्वानऊला मावळतो, पण ऑक्टोबरच्या शेवटी घड्याळं मागे गेली की पाचच्या सुमारास अंधार. शरद ऋतूत डोक्याला लावायची बॅटरी सॅकमध्ये हवीच, फोनच्या उजेडावर मुळांनी भरलेली वाट उतरायची नाही.

आता मधला हिशेब. जर्मन गिर्यारोहकांचा आडाखा सोपा आहे: तासाला ३०० मीटर चढ, ५०० मीटर उतार आणि सपाटीचं अंतर तासाला ४ किलोमीटर. चढाचा वेळ आणि अंतराचा वेळ वेगवेगळा काढायचा, त्यातला मोठा पूर्ण धरायचा आणि लहान अर्धा मिळवायचा. नॉयरॉइटला स्टेशनपासून साधारण ५०० मीटर चढ आहे, म्हणजे एक तास चाळीस मिनिटं. अंतर चारेक किलोमीटर धरलं तर तासाभराचा अर्धा, म्हणजे तीस मिनिटं. झाले दोन तास दहा मिनिटं. वाटेवरच्या पिवळ्या पाट्यांवर किलोमीटर नसतात, तासच असतात, आणि त्यात फोटो, पाणी, बुटाची नाडी यांचा हिशेब नसतो. आईबाबा सोबत असतील तर मी या सगळ्याला सरळ दीडने गुणतो.

या वाटांना रंग असतात: निळी सोपी, लाल मध्यम, काळी अवघड. घरच्यांसोबत पहिल्यांदा जाताना निळ्यावरच राहावं असं माझं स्पष्ट मत आहे, आणि त्यासाठी नॉयरॉइटइतकी चांगली जागा नाही. वर खानावळ आहे, समोर पूर्ण तळं आणि मागे ऑस्ट्रियातल्या तिरोलची शिखरं. पाय शिल्लक असतील तर तसंच धारेवरून १,३३५ मीटरच्या गिंडेलआल्मश्नाइडवर जाऊन गिंडेलआल्मच्या गोठ्यांपाशी ताक किंवा दूध घ्यावं आणि पलीकडे श्लीयरझेला उतरावं. तिथूनही म्युनिकची गाडी मिळते, आली वाट पुन्हा तुडवावी लागत नाही. रीडरश्टाइन दिसायला फार देखणा. उभ्या कातळाच्या टोकावर चिमुकलं चर्च आणि तिथवर पायऱ्या. पण लहान मुलं असतील तर वर कठड्यापाशी त्यांचा हात सोडू नका. हिर्शबर्ग मात्र पूर्ण दिवसाचा, नऊशे मीटर चढ.

पायाखालच्या जमिनीबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण सह्याद्रीत घडलेले पाय इथे गोंधळतात. आपल्याकडे घसारा आणि मुरमाड उतार, किंवा पावसाळ्यात शेवाळलेला कातळ. इथे नॉयरॉइटच्या बाजूचा डोंगर फ्लिश खडकाचा आहे, म्हणजे वाळूदगड आणि चिकणमातीचे थर. पाणी मुरतच नाही. पाऊस थांबून दोन दिवस झाले तरी जंगलातल्या पायवाटेवर काळा चिखल असतो आणि त्यातून स्प्रूस झाडांची मुळं आडवी वर आलेली असतात. साल निघून गेलेली, हजारो बुटांनी घासलेली, ओली. त्यावर पाय ठेवला की तो पुढे जात नाही, कडेला जातो. मुळावर पाऊल टाकायचं नाही, दोन मुळांच्या मधल्या मातीवर टाकायचं, आणि तेही उतरताना लहान लहान. वालबर्गच्या बाजूला चुनखडक लागतो. केबलकारच्या वरच्या स्टेशनापासून शिखरापर्यंतची शेवटची शंभरेक मीटर उंचीची वाट गर्दीच्या पायांनी इतकी गुळगुळीत झाली आहे की तिथे स्पोर्ट्स शूज घातलेली माणसं दोन्ही हात टेकत उतरताना दिसतात. तेव्हा खाचा शाबूत असलेला, घोटा धरणारा बूट हवा. उतारासाठी काठ्याही घ्या, गुडघे दुसऱ्या दिवशी आभार मानतील. मे महिन्यातसुद्धा उत्तरेकडच्या घळींत बर्फाचे पट्टे उरलेले असतात. खाली तळ्याकाठी लोक आइस्क्रीम खात असतात म्हणून वर कोरडं असेल असं समजू नका.

दुपारचं वादळ हे लवकर निघण्याचं खरं कारण. उन्हाळ्यात उत्तरेकडच्या सपाटीवरची दमट हवा या पहिल्याच डोंगररांगेवर चढते आणि दुपारनंतर बघता बघता ढग उभे राहतात. म्हणून बारा-एकपर्यंत शिखर करून उतरायला लागायचं. हवामानाचा अंदाज आदल्या रात्री बघा आणि सकाळी गाडीत बसल्यावर पुन्हा बघा. शिखरांवरचे वेबकॅमही उघडून बघा, बर्फ आणि ढग दोन्ही कळतात. वर असताना नजर तळ्यावरही असू द्या: काठावर नारिंगी दिवे आहेत, ते मिनिटाला सुमारे चाळीस वेळा लुकलुकू लागले तर जोराच्या वाऱ्याचा इशारा आणि नव्वद वेळा, म्हणजे भराभर, तर वादळाचा. दिवे होडीवाल्यांसाठी असले तरी डोंगरावरच्या माणसालाही उपयोगाचेच. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत तीस सेकंदांपेक्षा कमी गेले तर ती दहा किलोमीटरच्या आत आली. मग धार सोडायची, शिखरावरच्या क्रुसापासून, तारेच्या कुंपणापासून आणि एकट्या झाडापासून लांब व्हायचं.

सॅकमध्ये काय, तर माणशी दीड लिटर पाणी. ते घरच्या नळाचंच भरा. म्युनिकचं बरंचसं पाणी मांगफाल नदीच्या खोऱ्यातून येतं, आणि ही नदी टेगर्नझेतूनच निघते, तेव्हा बाटलीबंद पाणी विकत घेऊन परत इथेच आणण्यात काही मतलब नाही. गाईंच्या कुरणाखालून वाहणाऱ्या ओढ्याचं मात्र पिऊ नये. पाऊस अडवणारं जॅकेट, एक जाड थर, कोरडा टीशर्ट आणि मोजे, टोपी, सनस्क्रीन, फोडांची पट्टी, क्रेप बँडेज, पॉवरबँक, आणि फोनमध्ये आधीच उतरवून घेतलेला नकाशा. दऱ्यांत रेंज जाते. मदतीचा नंबर ११२. ‘एसओएस ईयू आल्प’ हे ॲप बव्हेरिया (म्युनिक ज्यात येतं ते जर्मन राज्य) आणि तिरोलमध्ये तुमचं ठिकाण थेट बचाव केंद्राला कळवतं, ते घरीच घालून ठेवा. फोनच बंद पडला तर शिट्टी किंवा बॅटरी: मिनिटात सहा इशारे, मग एक मिनिट थांबून पुन्हा सहा.

खाण्याची चिंता शाकाहारी माणसाने करू नये. डोंगरावरच्या खानावळीत केझेश्पेत्सले मिळतात, म्हणजे चीज आणि तळलेला कांदा घातलेले शेवयांसारखे तुकडे. आणि काइझरश्मार्न मिळतं: लोण्यावर फुलवलेलं जाड धिरडं तव्यातच फाडून, वर पिठीसाखर, बाजूला सफरचंदाचा किंवा आलुबुखाराचा मुरंबा. एक बशी दोघांना पुरते. पण या खानावळींना आठवड्याची सुट्टी असते, ती आधी बघा, आणि रोख पैसे ठेवा, कार्ड सगळीकडे चालत नाही. आपल्या दशम्या, चटणी, चिक्की जरूर न्या, फक्त त्यांच्या टेबलावर डबा उघडू नका. तो वाटेवरच्या बाकड्यावर. कुरणातून जाताना वासरू आणि गाय यांच्या मधून जायचं नाही, वासराला कुरवाळायला तर मुळीच जायचं नाही. फाटक उघडलं तर मागे लावून घ्यायचं.

सकाळची गाडी ही वेगळीच गंमत आहे. म्युनिकहून निघणारी गाडी वाटेत सुटी होते. होल्त्सकिर्शनला एक तुकडा बायरिशत्सेलकडे जातो, पुढे शाफ्टलाखला लेंगग्रीसचा आणि टेगर्नझेचा असे वेगळे होतात. डब्यावरची पाटी न वाचता मोकळी जागा दिसली म्हणून बसलात तर तुम्ही दुसऱ्याच खोऱ्यात पोचाल. ग्रुप असेल तर सगळे एकाच तुकड्यात आहेत ना, ते गाडी सुटायच्या आधी मोजा. तिकीट म्हणून डॉइचलांडटिकेट, म्हणजे देशभर चालणारा महिन्याचा पास, चालतं. पाहुण्यांसाठी बायर्न-टिकेट, म्हणजे बव्हेरियात चालणारं एका दिवसाचं तिकीट, बरं, पण ते कामाच्या दिवशी सकाळी नऊनंतरच लागू होतं, आणि नऊला निघणं या यादीत बसत नाही. पाहुण्यांना शनिवार-रविवारी न्या, तेव्हा ही अट नाही.

आठवडाभर आधीची कामं थोडी. नवे बूट घरात, जिन्यावर, बाजारात घालून वापरून घ्यावेत. फिरायला कोण येणार, त्यातलं सगळ्यात हळू कोण चालतं, आणि वाट त्याच्या बेताची आहे का, हे ग्रुपवर उघडपणे बोलून घ्यावं.

काही तयारी मात्र महिन्यांपूर्वीची. बव्हेरियाचा जवळजवळ सगळा भाग गोचिडीतून पसरणाऱ्या मेंदूज्वराच्या धोक्याचा मानला जातो. लस आहे, पण तिचे तीन डोस महिन्यांच्या अंतराने असतात, तेव्हा इथे राहणाऱ्यांनी हिवाळ्यातच सुरुवात करावी. गोचिडीतूनच पसरणाऱ्या लाइम आजारावर ही लस चालत नाही, म्हणून लस घेतलेल्यांनीही लांब पँट मोज्यात खोचावी आणि रात्री आंघोळीच्या वेळी गुडघ्यामागे, काखेत, कमरेच्या पट्ट्यापाशी, मुलांच्या केसांत नीट बघावं. गोचीड सापडली तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढायची. तेल, तूप काही लावायचं नाही. पुढच्या काही आठवड्यांत तिथे लाल कडं वाढताना दिसलं तर डॉक्टरकडे.

आणि उन्हाळ्यात पुण्या-नाशिकहून आईबाबा येणार असतील तर त्यांचा प्रवास विमा घेतानाच वाचून बघा. शेंगेन व्हिसासाठी ३०,००० युरोंचं कवच असलं की पॉलिसी चालते, पण डोंगरावरून सोडवून आणण्याचा खर्च, हेलिकॉप्टरसह, तिच्यात आहे की नाही हे वेगळं विचारावं लागतं. एजंटकडून उत्तर लेखी घ्या, आणि पॉलिसीवरचा मदतीचा फोन नंबर त्यांच्या आणि तुमच्या, दोन्ही फोनमध्ये घालून ठेवा.