मेडिक्लेम नाकारलाय? तक्रारीआधी हे कागद जमवा

पॉलिसी, बिलं, डिस्चार्ज समरी, आधार हे सगळे जमवतातच. भांडण अडतं ते वेगळ्याच कागदावर: हॉस्पिटलचे इनडोअर केस पेपर. समरी नव्हे. ॲडमिट केल्यापासून डॉक्टर-नर्सनी हाताने लिहिलेली सगळी पानं, पाठपोट.

मागच्या वेळी ही पानं कंपनीकडे होती आणि आमच्याकडे नव्हती. रात्री ॲडमिट करून घेताना कुणीतरी ‘बीपी, पाच वर्षं’ असं लिहून ठेवलेलं. निदान प्रत्यक्षात त्याच वर्षीचं. ‘आजार लपवला’ म्हणून क्लेम फेटाळला तो त्या एका ओळीवर, आणि आम्ही समरी दाखवत बसलो.

तेव्हा केस पेपर डिस्चार्जच्या आधीच लेखी मागा. काउंटरवर ‘ते फक्त कंपनीला देतो’ म्हणतील. ऐकू नका. मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमांप्रमाणे पेशंटने मागितल्यावर ७२ तासांत कागद द्यावे लागतात. अर्जाच्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घ्याच. घरी जाऊन प्रत्येक पान वाचा. ‘हिस्टरी’चा रकाना दोनदा वाचा. चुकीची नोंद दिसली तर उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडून लेटरहेडवर पत्र घ्या आणि त्या आजाराचं पहिलं प्रिस्क्रिप्शन जोडा. हे नंतर करू म्हणू नका. डॉक्टर हॉस्पिटल बदलतात.

नकार लेखीच घ्या, कारणासकट. फोनवर कितीही गोड बोलले तरी पत्र हवं. पत्रात न दिलेलं कारण कंपनीला नंतर पुढे करता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये सौराष्ट्र केमिकल्सच्या प्रकरणात म्हटलंय.

प्रपोजल फॉर्मची, म्हणजे पॉलिसी घेताना भरलेल्या अर्जाची, प्रत कंपनीकडून मागवा. एजंटने भरलेला असतो, सही आपली असते. त्यातली उत्तरं केस पेपरशी ताडून पाहा. (मिळाले ना केस पेपर?) सगळ्या वर्षांच्या रिन्युअलच्या प्रतीही काढा, पॉलिसी पोर्ट केली (दुसऱ्या कंपनीकडे नेली) असेल तर आधीच्या कंपनीच्यासुद्धा. पॉलिसीची सलग पाच वर्षं पूर्ण झाली असतील तर फसवणूक सिद्ध केल्याशिवाय ‘माहिती लपवली’ हे कारण चालत नाही. २०२४ पूर्वी ही मुदत आठ वर्षांची होती, आणि काही कर्मचारी अजून तीच सांगतात.

मग कंपनीच्या तक्रार कक्षाला ईमेल, तक्रारीचा नंबर जपून ठेवा. महिनाभरात उत्तर नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपाल (विम्याच्या तक्रारींवर निवाडा देणारा अधिकारी). ठाणे आणि नवी मुंबईसाठी त्यांचं कार्यालय ठाण्यातच आहे. फी नाही, वकील चालत नाही, ५० लाखांपर्यंतचा निवाडा देतात. मुदत एक वर्ष. तोच वाद कोर्टात किंवा ग्राहक आयोगात चालू असेल तर घेत नाहीत, म्हणून क्रम आधी ठरवा. तिथेही पहिला प्रश्न केस पेपरचाच येतो.

ग्राहक आयोग: नकारापासून दोन वर्षं. घर ऐरोलीत आणि कंपनी चेन्नईची असली तरी तक्रार आपल्याच जिल्ह्यात. फी ठरवताना रक्कम क्लेमची नव्हे, भरलेल्या प्रीमियमची धरतात. ५ लाखांपर्यंत फी नाही. ई-जागृती या ग्राहक आयोगांच्या पोर्टलवर तक्रार ऑनलाइन दाखल होते. शपथपत्र, अनुक्रमणिका, पानांना नंबर, स्कॅन वाचता येईल असं.