खासगी ई-१ नेटवर्कमध्ये क्लॉकची आखणी

ई-१ ही टेलिफोन एक्स्चेंज जोडणारी डिजिटल लिंक. तिच्यावर सेकंदाला २०,४८,००० बिट धावतात. २५६ बिटांची एक फ्रेम १२५ मायक्रोसेकंदांची. दोन टोकांच्या क्लॉकची, म्हणजे बिटांना ताल देणाऱ्या घड्याळांची, गती किंचित जरी वेगळी असली, तरी घेणाऱ्याचा बफर (आलेले बिट तात्पुरते ठेवायची जागा) कधी ना कधी भरतो किंवा रिकामा होतो. मग एक अख्खी फ्रेम गळते किंवा तीच दोनदा वाचली जाते. यालाच स्लिप म्हणतात. बोलताना फार तर बारीकशी 'टिक' ऐकू येते, पण फॅक्सच्या ओळी तुटतात आणि मोडेमचे कॉल पडतात. तेव्हा 'फोन तर नीट चालतात' यावर विसंबू नये.

हिशेब सोपा आहे: १२५ मायक्रोसेकंदांना दोन क्लॉकमधल्या सापेक्ष फरकाने भागा. फरक दहा लाखांत ५० असेल तर दर अडीच सेकंदांनी स्लिप, ४.६ असेल तर दर २७ सेकंदांनी. दोन प्राथमिक क्लॉक (नेटवर्कला मूळ ताल देणारे अतिअचूक क्लॉक) जी.८११ या आंतरराष्ट्रीय मानकाच्या मर्यादेच्या विरुद्ध टोकांना असले, तरी स्लिप ७२ दिवसांतून एकदाच. जी.८२२ या मानकानुसार २४ तासांत ५ पर्यंत स्लिप चालतात.

आखणी कागदावर करा, आणि कॉलच्या नकाशापेक्षा वेगळ्या कागदावर. प्रत्येक एक्स्चेंजला एक वर्तुळ. बाण फक्त क्लॉक कुठून कुठे जातो त्याचे. सर्वांत वर सार्वजनिक ऑपरेटर.

समजा, मुख्य कार्यालयात दोन पीआरआय (ऑपरेटरकडून येणाऱ्या ई-१ लाइन) आहेत, 'अ' आणि 'ब' शाखा त्याला ई-१ने जोडल्या आहेत, शिवाय अ-ब अशी थेट लिंकही आहे. मुख्य कार्यालयाचा क्रम: पहिला पीआरआय, दुसरा पीआरआय, मग स्वतःचा ऑसिलेटर (एक्स्चेंजच्या आतला क्लॉक). शाखेची लिंक या यादीत कधीच नको. दोन्ही पीआरआय एकाच फायबरवरून येत असतील, तर दुसरा नावापुरताच.

खरी गफलत शाखांमध्ये होते. दोघींचा पहिला स्रोत मुख्य कार्यालय, हे ठीक. पण दुसरा स्रोत म्हणून दोघींनीही अ-ब लिंक धरली, तर मुख्य कार्यालयाची वीज गेल्यावर 'अ' क्लॉक घेते 'ब'कडून आणि 'ब' घेते 'अ'कडून. हा टायमिंग लूप. दोन्ही शाखा एकमेकींच्या मागे भरकटतात, त्यांच्यातल्या लिंकवर स्लिप दिसत नाहीत आणि अलार्मही वाजत नाही. स्लिप दिसतात त्या बाहेरच्या ट्रंकवर (बाहेर जाणाऱ्या लिंकवर). म्हणून अ-ब लिंक फक्त 'अ'च्या यादीत ठेवा. 'ब'ने मुख्य लिंक गेल्यावर थेट स्वतःच्या ऑसिलेटरवर जावे. एसडीएचमध्ये (ऑपरेटरच्या मोठ्या फायबर नेटवर्कची पद्धत) स्रोताचा दर्जा सांगणारा एसएसएम संदेश हे आपोआप टाळतो, पण कार्यालयी एक्स्चेंजमध्ये तो असेलच असे नाही.

प्रत्येक लिंकवर क्लॉक घेणारे टोक एकच हवे. दोन्ही टोके 'लाइन'वर (समोरून येणाऱ्या क्लॉकवर) ठेवली तर लूप, दोन्ही 'इंटर्नल'वर (स्वतःच्या क्लॉकवर) ठेवली तर स्लिप. अ‍ॅस्टरिस्क या एक्स्चेंज-सॉफ्टवेअरच्या दाहदी (DAHDI) ड्रायव्हरमध्ये स्पॅनच्या (एका ई-१ लिंकच्या) ओळीतला दुसरा आकडा हेच ठरवतो: १ म्हणजे पहिला स्रोत, २ म्हणजे दुसरा, ० म्हणजे इथून क्लॉक घेऊ नको.

ई-१ एसडीएचच्या पेलोडमधून (वाहून नेलेल्या डेटामधून) येत असेल तर सावध. टीयू-१२ चा (ई-१ वाहणाऱ्या एसडीएचमधल्या कप्प्याचा) पॉइंटर, म्हणजे डेटा कुठे सुरू होतो ते सांगणारी खूण, एकदा सरकला की ८ बिटांचा, म्हणजे सुमारे ३.९ मायक्रोसेकंदांचा धक्का बसतो. टेलिफोन एक्स्चेंज तो बहुधा पचवते, पण पुढे क्लॉक पुरवायचा असेल तर एसडीएच नोडचे २,०४८ किलोहर्ट्झचे बाह्य आउटपुट घ्यावे.

शेवटी तपासणी. स्लिपचे काउंटर शून्य करून २४ तास थांबा. ठरावीक अंतराने एकाच दिशेची स्लिप येत असेल तर दोन क्लॉक वेगळे आहेत. मध्येच झुंबड उडत असेल तर लाइन खराब आहे किंवा स्रोत बदलतो आहे. मग कमी वर्दळीच्या वेळी पहिल्या पीआरआयची केबल काढा आणि प्रत्येक एक्स्चेंजने कोणता स्रोत धरला ते कागदाशी ताडून पाहा. केबल परत लावल्यावर जुन्या स्रोताकडे वळण्याआधी सुमारे ५ मिनिटांची प्रतीक्षा ठेवा, नाहीतर लुकलुकणारी लिंक स्रोत सारखा बदलत राहील.