कॅडेट युनिटमध्ये मानधनाचे दिवस आणि जबाबदाऱ्या कशा वाटाव्यात

कॅडेट संघटनांत प्रौढ स्वयंसेवकांना मानधन मिळतं ते बहुधा दिवसांच्या हिशोबाने, आणि वर्षाकाठी त्यावर मर्यादा असते. ब्रिटनच्या कॅडेट दलांत ती माणशी साधारण २८ दिवसांची आहे, शिवाय एका दिवसाचा दर हुद्द्याप्रमाणे ठरतो. तो युनिटच्या हातात नसतो. दिवस कोणाला किती द्यायचे, हे मात्र पुष्कळदा असते, आणि भांडणं होतात ती तिथेच.

सुरुवातीला खर्चाची भरपाई आणि मानधन यांच्या वह्या वेगळ्या करा. प्रवास, फोन, छपाई हा खर्च पावती दाखवली की प्रत्येकाला मिळालाच पाहिजे, मग त्याचे मानधनाचे दिवस संपलेले असोत वा नसोत. "तुझे पेट्रोलचे पैसे दोन दिवस जास्त लावून काढून घे" ही तडजोड सोयीची वाटते, पण ती खोटी हजेरी आहे. करातही घोटाळा होतो, कारण प्रत्यक्ष खर्चाची भरपाई आणि मानधन यांना सहसा एकच नियम लागत नाही.

मग कामांची यादी करा, माणसांची नाही. युनिटप्रमुख, कार्यालय, प्रशिक्षण, सामानकोठी, बालसुरक्षा, मदतनीस अशा पदांपुढे तीन गोष्टी लिहा: परेडबाहेर आठवड्याला किती तास जातात, कोणत्या कागदावर सही करावी लागते, आणि काही बिघडलं तर जाब कोणाला विचारला जातो. दोन आठवडे सगळ्यांनी तास नोंदवले की कळतं, मैदानावर न दिसणारा कार्यालयाचा माणूस अनेकदा सर्वांत जास्त काम करत असतो. पालकांची संमतीपत्रं, आजारांच्या नोंदी, शिबिराचे अर्ज ही कामं घरी बसून रात्री होतात. हजेरीपटात त्यांचा मागमूस नसतो.

समजा सहा जण आहेत आणि सगळ्यांना मिळून वर्षाला ९० दिवस मंजूर आहेत. सात दिवसांच्या शिबिराला सहाही जण लागणार, म्हणून ४२ दिवस आधीच बाजूला काढा. साधारण दहा टक्के, म्हणजे ९ दिवस, राखीव ठेवा. उरले ३९. आता पदांना गुण द्या: प्रमुख ३, कार्यालय ३, प्रशिक्षण २, सामानकोठी २, बालसुरक्षा २, नवा मदतनीस १. एकूण १३ गुण, म्हणजे गुणामागे ३ दिवस. प्रमुखाला आणि कार्यालयाला ९, मधल्या तिघांना ६, मदतनीसाला ३. प्रमुखाइतके दिवस कार्यालयाला कशाला, असं कोणीतरी विचारेलच. हुद्द्याचा मोबदला दरात आलेला असतो. दिवस हे कामाचे आहेत.

दिवस म्हणजे काय तेही लिहून ठेवा: २ तासांना पाव, ४ तासांना अर्धा, ८ तासांना पूर्ण. संघटनेची मोजणी वेगळी असेल तर तीच धरा. घरून केलेलं काम मोजायला वरून परवानगी नसेल, तर गुण देऊन उपयोग नाही. त्या माणसाचं एखादं काम काढून दुसऱ्याला द्या, किंवा शनिवारचा अर्धा दिवस युनिटमध्येच कार्यालयासाठी ठेवा.

नोंद त्याच दिवशी व्हावी. महिनाअखेरीस आठवून भरलेल्या दाव्यांत सगळे परेडला शेवटपर्यंत हजर असतात! स्वतःच्या दाव्यावर स्वतः सही करायची नाही, प्रमुखानेही नाही. त्याचा दावा वरिष्ठ कार्यालयाने किंवा शेजारच्या युनिटप्रमुखाने तपासावा. किती दिवस वापरले आणि किती शिल्लक आहेत, याचा तक्ता दर तीन महिन्यांनी सगळ्यांसमोर मांडा. हा तक्ता लपवला की कुजबुज सुरू झालीच म्हणून समजा.

नेहमीची चूक एकच. ज्याला नोकरीतून सहज सुटी मिळते तो सहलींना, कोर्सेसना जातो आणि सहाव्या महिन्यापर्यंत दिवस संपवतो. शिबिराच्या वेळी बाकीच्यांना फुकट राबावं लागतं, किंवा माणसंच कमी पडतात. शिबिराचे दिवस आधी बाजूला काढायचे ते यासाठीच. तरीही मोठ्यांची संख्या मुलांमागे ठरलेल्या प्रमाणाखाली गेली, तर कार्यक्रम रद्द करा. पैसे संपले म्हणून मुलांवरची देखरेख सैल करता येत नाही.

बालसुरक्षा, शस्त्रं, पाण्यातले किंवा डोंगरातले उपक्रम यांची जबाबदारी लेखी नेमणूक आणि योग्य प्रशिक्षण असल्याशिवाय कोणाकडेही देऊ नका. "तूच बघ जरा" या वाक्यावर सोपवलेलं काम अपघातानंतर कोणाचंच नसतं. पद सोडताना जुन्या आणि नव्या माणसाने एकत्र सामान मोजावं, किल्ल्यांची नोंद करावी आणि दोघांनी तारखेसह सही करावी. त्या तारखेपासून गुण नव्या माणसाचे. बदल वर्षाच्या मध्येच झाला असेल तर उरलेल्या महिन्यांच्या प्रमाणात.

मानधन नाकारणारा स्वयंसेवक असेल तर त्याचे दिवस राखीवमध्ये टाका, पण नोंद ठेवा. तो सोडून गेला की त्या कामाला खरोखर किती दिवस लागतात, हे पुढच्या वर्षीच्या मागणीत दाखवता येतं.