जुनं चावीचं घड्याळ उघडताना या चुका टाळा

शिकाऊ माणसाच्या हाती आलेलं घड्याळ सहसा जुनेपणामुळे नाही, उघडताना बिघडतं. म्हणून तारवटी (जहाजावर खलाशी असलेल्या) आजोबांनी बोटीवरून आणलेल्या स्विस घड्याळावर हात साफ करायला जाऊ नका. १७ ज्वेलचं (चाकांचे आस ज्यात फिरतात ते खडे) बंद पडलेलं एचएमटी घ्या. मोडलं तरी जीव हळहळत नाही.

सगळ्यांत महाग पडणारी चूक म्हणजे मेनस्प्रिंग (घड्याळ चालवणारी मुख्य स्प्रिंग) भरलेली असताना पॅलेट फोर्क, म्हणजे चाकांना टिकटिक अडवत सोडणारा छोटा काटा, काढणं. चाकांना अडवणारं काही उरत नाही, ती भर्रकन फिरतात आणि एखादा दात किंवा पिव्हट (आसाचं बारीक टोक) जातो. आधी चावी बोटांत घट्ट धरून किंचित पुढे फिरवा, क्लिक (स्प्रिंग उलटी सुटू न देणारा खटका) चिमट्याने बाजूला करा आणि चावी बोटांतून सावकाश उलटी फिरू द्या.

चावी बाहेर काढायला जो बारीक स्क्रू असतो, तो एक-दोन फेरेच सैल करायचा. जास्त फिरवला की डायलखालचा सेटिंग लिव्हर (चावीची दांडी पकडून ठेवणारा भाग) सुटतो. मग चावी परत अडकत नाही आणि काटे, डायल सगळं उतरवावं लागतं. क्राउन व्हीलच्या (चावीने फिरणाऱ्या चाकाच्या) स्क्रूवर तीन खाचा दिसल्या तर तो उलट्या आट्याचा आहे असं समजा. नेहमीसारखा डावीकडे जोर लावलात तर डोकंच तुटेल.

शिलाई मशीनचं तेल नको, स्प्रे तर नकोच. चाकांच्या ज्वेलमधली वाटी अर्धी भरेल एवढं घड्याळाचं तेल पुरे. पॅलेट फोर्कचे पिव्हट कोरडेच ठेवा. तो स्पिरिटमध्ये भिजतही ठेवू नका. त्याचे खडे लाखेने चिकटवलेले असतात, लाख विरघळते.

दुरुस्तीनंतर घड्याळ दिवसाला दहा-वीस मिनिटं पुढे धावतंय? आधी होकायंत्र जवळ धरा. सुई थरथरली तर हेअरस्प्रिंगला (घड्याळाची गती ठरवणाऱ्या केसासारख्या बारीक स्प्रिंगला) चुंबकत्व आलंय, ते घालवणारा डिमॅग्नेटायझर लागेल. सुई स्थिर असेल तर भिंगातून बघा: तेलाने दोन वेटोळी चिकटली असतील. चिकटलेली स्प्रिंग आखूड झाल्यासारखी वागते, म्हणून घाई.

गोव्यात घामाचा त्रास वेगळाच. उघड्या बोटाचा ठसा उमटलेल्या पोलादावर पावसाळ्यात बघता बघता गंज चढतो. रबरी बोटमोजे घाला, सुटे भाग सिलिका जेलच्या डबीत ठेवा आणि पंखा बंद करा. जमिनीवर पांढरी चादर अंथरा, मोझेइकच्या लादीवर उडालेली क्लिक स्प्रिंग शोधून सापडत नाही.

१९६० च्या आधीच्या डायलवर तपकिरी पडलेला, अंधारात चमकण्यासाठी लावलेला रंग असेल तर तो खरवडू नका. त्यात किरणोत्सारी रेडियम असू शकतं.