बाईकची सीट घरी बनवताय? आधी या चुका टाळा

नाशिकहून पुण्याला बाईकवर जाणाऱ्या कुणालाही विचारा, सिन्नरपर्यंत मजा येते, संगमनेरला बूड दुखायला लागतं आणि नारायणगाव येईपर्यंत माणूस दर पाच मिनिटांनी फूटरेस्टवर उभा राहतो. मुंबईला जायचं तरी तेच, समृद्धीवर टू-व्हीलरला परवानगी नाही म्हणजे आपण कसारा घाटानंच जाणार. मग कुणीतरी सांगतं सीट खोल, फोम टाक, वरून मस्त डायमंड शिलाईचं रेग्झीन मार. आणि गडबड इथूनच सुरू होते, कारण सगळा पैसा आणि वेळ जातो रेग्झीनवर, आणि बुडाला आराम मिळतो तो खालच्या फोममुळे आणि त्याच्या आकारामुळे. कव्हर हे सगळ्यात शेवटचं काम आहे, ते पहिलं करायला जाऊ नका.

खोलायच्या आधी दोन गोष्टी बघा

मागच्या खिशात पाकीट ठेवून गाडी चालवता का? एका बाजूचं बूड आणि कंबर दुखत असेल तर आधी पाकीट जॅकेटमध्ये टाका आणि एक रविवार फिरून बघा. दुसरं, मागचं शॉकअप. डबलसीटसाठी कधीतरी कडक केलेलं असतं आणि नंतर एकट्यानं चालवताना ते तसंच राहतं, मग प्रत्येक खड्डा थेट पाठीच्या कण्यात जातो आणि शिव्या बसतात सीटला. एक-दोन खाचा सैल करा, टायरमध्ये हवा कंपनीनं सांगितली तेवढीच आहे ना ते बघा. एवढ्यानं भागलं तर सीटला हात लावायची गरजच नाही.

मऊ म्हणजे आरामदायी, हा सगळ्यात मोठा गैरसमज

दुकानात फोम हातानं दाबून बघतात, बोट आत गेलं की लोक खूश. पण सीटवर बोट बसत नाही, माणूस बसतो. आपल्या बुडात खाली दोन हाडं असतात, सगळं वजन त्या दोन ठिकाणी येतं. फोम मऊ असला की पहिली दहा मिनिटं स्वर्ग वाटतो, मग हाडं फोम दाबत दाबत पार खालच्या प्लास्टिकच्या प्लेटपर्यंत जातात आणि तुम्ही खरं तर प्लेटवर बसलेले असता. म्हणून लांबच्या प्रवासाला फोम हाताला जरा कडकच लागला पाहिजे.

इथं डेन्सिटीचाही घोळ होतो. ४० डेन्सिटी म्हणजे त्या फोमचं वजन एका घनमीटरला ४० किलो, बस एवढंच. डेन्सिटीवरून फोम किती दिवस टिकेल, किती लवकर बसेल याचा अंदाज येतो, तो कडक आहे की मऊ हे त्यावरून कळत नाही. ४० डेन्सिटीचा मऊ फोमही मिळतो आणि कडकही, त्यामुळे दुकानदाराला दोन्ही विचारा. सोफ्याचा उरलेला किंवा जुन्या गादीचा फोम तर अजिबात टाकू नका, तो थोड्याच दिवसांत बसतो. टीव्ही-फ्रिजच्या खोक्यातला पांढरा पॅकिंगचा फोमही नको, तो एकदा दबला की परत वर येत नाही.

चांगलं काम कसं होतं सांगतो. कंपनीचा फोम साच्यातून काढलेला असतो, तो फाटून भुगा झालेला नसेल तर पूर्ण फेकू नका. जिथं खड्डा पडलाय तेवढाच भाग कापून काढा, तिथं रिबॉन्डेड फोम भरा (रंगीबेरंगी तुकडे दाबून बनवलेला असतो तो, चांगला जड आणि कडक), आणि त्याच्यावर एक पातळ मऊ थर टाका, १० मिमीच्या आसपास. वजन खालचा थर घेतो, वरचा फक्त टोचू देत नाही. मेमरी फोम टाकायचाच असेल तर तो याच वरच्या पातळ थरात, त्याची पूर्ण सीट बनवू नका, कारण तो थंडीत कडक होतो आणि उन्हात ढिला पडतो. आपल्याकडे निफाडची थंडी आणि मे महिन्यातलं ऊन दोन्ही आहे, म्हणजे तो दोन्हीकडून त्रास देणार. जेल पॅडचंही असंच, नुसता फोमवर ठेवून कव्हर ओढलं की त्याच्या कडा जाणवतात आणि काळ्या सीटखाली तो उन्हात तापून बसतो. फोममध्ये त्याच्या मापाची खाच पाडून आत बसवा, वरून पातळ फोम द्या आणि गाडी सावलीत लावायची सवय करा.

आकार चुकला की महाग फोमही वाया

बऱ्याच सीटचा उतार पुढे टाकीकडे असतो. ब्रेक मारला की माणूस पुढे घसरतो, मग हातावर जोर देऊन मागे सरकतो, असं दिवसभर चालतं आणि संध्याकाळी खांदे दुखतात, आणि लोक म्हणतात हँडल बदलायला पाहिजे. जिथं तुम्ही बसता तेवढी जागा जवळपास सपाट करा. पण हा उतार गाडी साइड स्टँडवर असताना मोजू नका, मेन स्टँडवर तर नाहीच नाही. तुम्ही बसल्यावर मागचं शॉकअप दबतं आणि सगळा कोन बदलतो. एका माणसाला गाडी सरळ धरायला सांगा, तुम्ही बसा, आणि दुसऱ्याला बाजूनं फोटो काढायला सांगा, फोटोत सगळं दिसतं.

मागे जिथं हाडं टेकतात तिथं सीट रुंद पाहिजे आणि पुढे अरुंद. उलटं केलं, म्हणजे पुढेही फोम वाढवून सगळी सीट रुंद केली, तर सिग्नलला पाय जमिनीला पोचत नाहीत आणि मांडीच्या आतल्या बाजूला कड रुतते. मांडी लागते ती कड चांगली गोल करा. कापायला हॅकसॉचं सुटं ब्लेड मस्त चालतं, शेवटचं फिनिशिंग ग्राइंडरला फ्लॅप डिस्क लावून, हळूहळू, अगदी हलका हात ठेवून. फोमची धूळ फार बारीक उडते, मास्क आणि गॉगल लावल्याशिवाय करू नका.

उंचीचा विचार मात्र नक्की करा. स्प्लेंडरची सीट ७८५ मिमी, क्लासिक ३५० ची ८०५ मिमी. त्यावर तुम्ही ३० मिमी फोम चढवला तर क्लासिक जवळपास ८३५ ला जाते, आणि नाशिकच्या रविवार कारंज्याच्या गर्दीत अर्ध्या पावलावर गाडी सांभाळायची वेळ येते. उंची कमी असणाऱ्यांनी वर फोम चढवण्यापेक्षा खराब भाग कापून त्या जागी चांगला फोम भरावा. शिवाय जाडी २० मिमीनं जरी वाढली तरी जुनं कव्हर पुरत नाही, बाजूच्या पट्ट्या मोठ्या कापाव्या लागतात, हे शेवटी पिना (कव्हर प्लेटला ठोकायचे स्टेपल) मारताना कळून उपयोग नाही.

कव्हर शिवायच्या आधी गाडी चालवा

ही पायरी जवळजवळ सगळे गाळतात आणि मला याचंच सगळ्यात वाईट वाटतं, कारण हिला पैसे लागत नाहीत. फोम तयार झाला की त्याच्यावर पातळ प्लास्टिक गुंडाळा, वरून एखादी जुनी चादर घट्ट बांधा, टोकं सीटखाली नीट खोचा म्हणजे चाकात किंवा चेनमध्ये जाणार नाहीत, आणि त्र्यंबकला जाऊन या. जाऊन-येऊन ६० किलोमीटरच्या आसपास होतं, म्हणजे तासाभरापेक्षा जास्त बसणं होतं. पार्किंगमध्ये पाच मिनिटं बसून काही कळत नाही. अर्ध्या तासानंतर कुठं दुखतं ते बघा, स्केचपेननं खूण करा, घरी येऊन तिथंच थोडं तासा, परत जा. माकडहाडावर दाब येत असेल तर मागच्या बाजूला मधोमध उथळ खाच द्या. फोम उघडा आहे तोवर चूक दुरुस्त करायला दहा मिनिटं लागतात, रेग्झीन लागल्यावर अख्खा दिवस जातो.

चिकटवताना

पांढरा फेविकॉल वापरू नका, तो वाळला की कडक होतो आणि बसताना त्याची कड लागते. एसआर ९९८ सारखं रबर सोल्यूशन घ्या, दोन्ही बाजूंना पातळ लावा, दहा-पंधरा मिनिटं थांबा, बोटाला चिकटल्यासारखं लागलं पण बोटावर आलं नाही की मग दाबा. ओलं असतानाच दाबलं की सुटतं. जास्त लावलं की त्याचाही पापुद्रा होऊन करकर वाजतो. खिडक्या उघड्या ठेवा, जवळ गॅस, सिगारेट काही नको, ते पटकन पेट घेतं.

पाणी

इगतपुरीच्या पावसातून ज्यानं गाडी चालवलीय त्याला माहितीये, शिलाईच्या भोकांतून पाणी आत जातं, फोम ते पिऊन बसतो आणि दोन दिवसांनी कोरडी दिसणारी सीट बसल्या बसल्या पँट भिजवते. वरची डायमंड शिलाई छान दिसते पण प्रत्येक टाका म्हणजे एक भोक. आपल्याकडच्या पावसाळ्यात बसायच्या जागेवर मी तरी शिलाई ठेवणार नाही. फोम आणि कव्हरच्या मध्ये मऊ पातळ प्लास्टिकचा थर टाका, पण खालून तो बंद करू नका, नाहीतर हवा अडकून सीट फुगते. प्लेटला खाली पाणी जायला छोटी भोकं असतात, लोक तीही फोमनं नाहीतर सोल्यूशननं बुजवून टाकतात. ती मोकळी ठेवा.

रेग्झीन आणि पिना

जुनं कव्हर फाडून काढू नका, तोच तुमचा नमुना आहे. पिना एकेक करून बारीक स्क्रूड्रायव्हर आणि पकडीनं उचला, शिलाई उसवायच्या आधी पॅनलवर डावं-उजवं आणि मधली रेघ पेननं मारून ठेवा. नवीन कापड कापताना खालच्या कडेला ३० मिमी जास्त सोडा, ओढायला पकड मिळते. रेग्झीन उलटं करून बघा, मागे विणलेलं ताणणारं कापड असेल तर ते कोपऱ्यात बसेल, मागे ताठ कापड असेल तर कितीही ओढा, सुरकुत्या राहणारच. दोरा पॉलिस्टरचा, सुती दोरा पावसात सडतो. घरच्या शिलाई मशीनवर हे जाड कापड जमत नाही, सुई तुटते आणि टाके सुटतात, त्यापेक्षा पॅनल कापून कुशनवाल्याकडून फक्त शिवून आणा, त्यात काही कमीपणा नाही.

प्लास्टिकची प्लेट साधारण ३ मिमी जाड असते, म्हणून पिना ६ मिमीच्या. १० मिमीच्या मारल्या तर त्या आरपार जाऊन फोममध्ये वर येतात, पुढचं सांगायला नको. स्टेनलेस स्टीलच्या मिळाल्या तर त्याच घ्या, साध्या पिना एका पावसाळ्यात गंजतात. ऑफिसचा स्टेपलर इथं कामाचा नाही, स्टेपल गन लागते. पिन कडेला समांतर मारा, आडवी मारली की कापड फाटत जातं. आधी पुढे मधोमध दोन-तीन, मग मागे ओढून मधोमध, मग एकदा डावीकडे एकदा उजवीकडे असं मधून टोकाकडे जायचं, कोपरे शेवटी. एक बाजू पूर्ण मारून दुसऱ्या बाजूला गेलात तर शिलाईची रेघ वाकडी होणारच. आणि हे काम डिसेंबर-जानेवारीच्या सकाळी करू नका, रेग्झीन कडक असतं, तासभर गच्चीवर उन्हात टाका किंवा हेअर ड्रायरनं गरम करा. हीट गन असेल तर एका जागी धरू नका, चकाकी येऊन कायमचा डाग राहतो.

जुन्या गाड्यांची प्लेट पत्र्याची असते, तिथं पिना चालत नाहीत, पत्र्याचेच दात असतात त्यात कापड अडकवायचं. दात गंजले असतील तर आधी घासून रंग मारा.

सीट बसवताना आणि नंतर

लॉक लागत नाही म्हणून वरून बुक्के मारू नका. बहुतेक वेळा प्लेटच्या पुढच्या जिभेपाशी (ती गाडीच्या फ्रेममध्ये अडकते) कापडाच्या तीन-चार घड्या जमलेल्या असतात, जास्तीचं कापड कापा. खालचे रबरी बुश परत लावलेत ना ते बघा, ते राहिले तर सगळं वजन लॉकवर आणि प्लेटच्या कडेवर येतं आणि प्लेट तडकते. लोंबणारं कापड एअर फिल्टरच्या तोंडावर येत नाही ना, एखादी अर्धवट पिन वायरिंगला घासत नाही ना, हे टॉर्च लावून बघा.

महिनाभरानं थोड्या सुरकुत्या दिसल्या तर तेवढ्याच भागातल्या पिना काढून दुपारच्या उन्हात परत ओढा. चकाकीसाठी डॅशबोर्डचं पॉलिश सीटला मारू नका, माणूस घसरतो, साबणाचं पाणी आणि फडकं पुरतं. आणि सीट अजूनही पुढे ढकलत असेल तर पूर्ण खोलायची गरज नाही, पुढच्या पिना काढा, कव्हर अर्ध्यापर्यंत मागे दुमडा, जिथं बसता त्याच्या पुढच्या भागात फोमची पाचर सरकवून बघा, चिकटवू नका, एक चक्कर मारून या आणि जमलं तरच सोल्यूशन लावा.